साथीच्या बंदोबस्तातील मूल

एखादी साथ राष्ट्रव्यापी झाली म्हणजे सरकार जे हुकूम काढते, ज्या हद्दी बंद करते, ज्या शाळा, बाजार आणि रेल्वेगाड्या थांबविते, त्या साऱ्यांमागे माणसांचा परस्परसंपर्क तोडावा हा एकच हेतू असतो, आणि रोगनिवारणाच्या दृष्टीने तो उचितही असतो. परंतु ज्या मुलाला स्वतःच्या घरातच भय आहे, ज्याचे दिवसातले एकमेव पोटभर जेवण शाळेच्या ओसरीवर होते, अथवा ज्याचे आईबाप त्याच साथीत निवर्तले आहेत, त्या मुलाचा संपर्क तुटतो तेव्हा त्याचे संरक्षणही त्याच क्षणी तुटते. मुलाचे रक्षण करणारी माणसे बहुधा त्या कामावर नेमलेली नसतात. हजेरी घेताना गैरहजर मुलीची चौकशी करणारे गुरुजी, हातावरचा वळ पाहून थबकणारी अंगणवाडी सेविका, भिंतीपलीकडचे रडणे ऐकणारी शेजारीण, सुट्टीत येऊन जाणारा मामा, या साऱ्यांच्या नजरेच्या आधाराने मूल वाढत असते, आणि साथीचा बंदोबस्त पहिल्या दिवशी ही नजरच दूर करतो. म्हणून मुलांच्या संरक्षणाची तजवीज रोगाच्या तजविजीबरोबरच, त्याच दिवशी आणि त्याच हुकुमात झाली पाहिजे. आपल्याकडे ती तशी झाली नाही, हे मला येथे सांगावयाचे आहे.

कोविडचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळला, आणि त्याच महिन्यात शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीच्या मुलांपुरते बोलावयाचे तर त्या डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ वीस महिन्यांनी उघडल्या. मध्यान्ह भोजनाचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजीच स्वतःहून उपस्थित केला, हे त्या न्यायालयाच्या दक्षतेला भूषणावह होते. पुढे तांदूळ व कडधान्ये पालकांच्या हाती देण्याची व्यवस्था झाली. परंतु शाळेच्या ताटातले अन्न त्या एका मुलाचे असते आणि घरी नेलेला तांदूळ साऱ्या कुटुंबाचा होतो, व ज्या घरात मिळकत थांबली आहे त्या घरात मुलाचा वाटा किती उरतो, हे सांगावयास अर्थशास्त्राची गरज नाही.

आपला साथरोगांचा मूळ कायदा १८९७ सालचा. मुंबई-पुण्यातील प्लेगच्या धास्तीने तो घाईघाईने मंजूर झाला आणि त्याची कलमे अवघी चार. त्यांत सरकारला अधिकार आहेत, आज्ञाभंगाला शिक्षा आहे आणि सद्‍भावनेने काम करणाऱ्या अंमलदारांना संरक्षण आहे. मुलांचा उल्लेख नाही. २०२० साली या कायद्यात दुरुस्ती झाली ती वैद्यकीय सेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी. ती आवश्यकच होती, पण मुलांविषयीचे मौन तिच्यानंतरही कायम राहिले. या मौनाचे परिणाम काय होतात हे त्या पहिल्या प्लेगमध्येच दिसून आले होते. पंडिता रमाबाईंनी त्या सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळातून अनाथ मुली व बालविधवा पुण्याला आणल्या होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना शहरात ठेवणे अशक्य झाले, आणि रमाबाईंनी त्यांना केडगावला हलविले. तेथेच पुढे त्यांचे मुक्तिसदन उभे राहिले. १८९७ च्याच मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात त्यांनी प्लेगच्या रुग्णालयात व विलगीकरणाच्या छावणीत तरुण मुली सुरक्षित नाहीत, अशी जाहीर तक्रार केली. ज्या छावणीत मुलीला रोगापासून वाचविण्यासाठी नेले जाते, तेथे तिच्यावर लक्ष कोण ठेवतो, हा रमाबाईंचा प्रश्न सरकारला अप्रिय वाटला असेल. परंतु सव्वाशे वर्षांनंतरही साथीच्या कोणत्याही योजनेला विचारावा असा तोच पहिला प्रश्न आहे.

या बाबतीत जगाजवळ अनुभव नव्हता असे म्हणता येत नाही. २०१४-१५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांत इबोलाने थैमान घातले, आणि फेब्रुवारी २०१५ पर्यंत युनिसेफने नोंदविलेल्या, आई, बाप किंवा प्रमुख पालक गमावलेल्या मुलांची संख्या सोळा हजारांच्या पुढे गेली. प्रारंभी भीती अशी होती की संसर्गाच्या धास्तीने आप्त या मुलांना दारात उभे करणार नाहीत. प्रत्यक्षात कुटुंबाबाहेर ठेवावी लागलेली मुले शंभरात तीनपेक्षाही कमी निघाली. बाकीची काका, मावशी, आजी यांनी सांभाळली, मात्र त्यांना धीर, धान्य व रोख मदत देणारे कोणीतरी पाठीशी असावे लागले. रोग्याच्या सहवासात आलेल्या लहान मुलांना एकवीस दिवस निराळे ठेवणे भागच होते, तेव्हा अशा केंद्रांत मुलांना सांभाळण्यासाठी इबोलातून बऱ्या झालेल्या स्त्रीपुरुषांना नेमण्यात आले, कारण त्यांना पुन्हा त्या रोगाची बाधा होण्याचे भय जवळजवळ नव्हते आणि ते मुलाला निःशंकपणे कवेत घेऊ शकत. विलगीकरणातल्या मुलाला मायेचा स्पर्श मिळावा यासाठी एखादी शासनव्यवस्था माणसे शोधून नेमते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच सिएरा लिओनमध्ये शाळा सुमारे नऊ महिने बंद राहिल्या आणि त्या काळात अनेक अल्पवयीन मुली गरोदर राहिल्या. १४ एप्रिल २०१५ रोजी शाळा उघडल्या तेव्हा सरकारने या मुलींनाच शाळेत येण्यास मज्जाव केला. हा मज्जाव उठला मार्च २०२० मध्ये, आणि तोही प्रादेशिक न्यायालयाने तो बेकायदा ठरविल्यानंतर. ज्या मुलींचे रक्षण करण्यास व्यवस्था असमर्थ ठरली, त्यांनाच तिने दोषी धरले. आपल्याकडे टाळेबंदी जाहीर झाली त्या महिन्यात हा सारा अनुभव जगापुढे होता.

मुलांसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक मुंबईतला. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून तो सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. मार्च २०२०च्या शेवटच्या अकरा-बारा दिवसांत या क्रमांकावर तीन लाखांहून अधिक दूरध्वनी आले, आणि त्यांपैकी पुष्कळसे अत्याचारापासून संरक्षण मागणारे होते, असे ती सेवा चालविणाऱ्या संस्थेनेच सांगितले. ज्या घरात एकच खोली आणि एकच फोन, आणि तो फोन ज्याच्या खिशात त्याच्याच विरुद्ध तक्रार करावयाची, त्या घरातून किती मुले हा क्रमांक फिरवू शकली असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बालगृहे व निरीक्षणगृहे यांतील मुलांची अवस्था याहून निराळी होती. ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा स्वतःहूनच, बालकल्याण समित्यांना व बालन्याय मंडळांना विस्तृत निर्देश दिले: संस्थांतील गर्दी कमी करावी, ज्यांना घरी पाठविणे हितावह आहे त्यांचा विचार करावा, देखरेख दूरध्वनीने चालू ठेवावी, मुलांच्या मानसिक स्वास्थ्याकडे पाहावे. निर्देश विवेकी होते. तरीही जूनमध्ये चेन्नईच्या रोयापुरम येथील एका निवारागृहात ३५ मुले बाधित निघाली, आणि न्यायालयाला राज्याकडे जाब मागावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार, साथीच्या प्रारंभी संस्थांत असलेल्या २,२७,५१८ मुलांपैकी १,४५,७८८ मुले कुटुंबांकडे परत गेली होती. संस्थेपेक्षा कुटुंब बरे, हे तत्त्व मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु ही मुले संस्थेत आली होती ती घरच्या दारिद्र्याने, मारहाणीने वा दुराव्याने, आणि ती परतली तेव्हा हीच कारणे साथीमुळे अधिक तीव्र झालेली होती. न्यायालयाने अशा मुलांच्या शिक्षणासाठी दरमहा २,००० रुपये द्यावेत असे सांगितले. दारात जाऊन मुलाला पाहून येणारा माणूस मात्र हुकुमाने निर्माण होत नाही, त्याची नेमणूक आधी झालेली असावी लागते.

मग २०२१च्या एप्रिल-मेमधील दुसरी लाट आली. आई एका रुग्णालयात, बाप दुसऱ्यात, आणि मूल कुलूपबंद घरात किंवा शेजाऱ्याकडे, अशी दृश्ये शहराशहरांत दिसू लागली. तेव्हा केंद्रीय महिला व बालविकास खात्याने आरोग्य खात्यास एक साधी सूचना केली: रुग्ण दाखल करून घेताना, वेळ आल्यास तुमचे मूल कोणाच्या स्वाधीन करावे असे तुम्हाला वाटते, हा एक रकाना अर्जात असावा. हा रकाना लिहून घेणे लिपिकालाही जड जाईल आणि लिहून देणे आईबापांना त्याहून जड, हे खरे. परंतु त्यामुळे आईबापांची इच्छा कागदावर उतरते आणि मुलाच्या भवितव्याचा निर्णय प्रथम दारात येईल त्याच्या हाती जात नाही. कारण दारात येणारे अनेक होते. त्याच दिवसांत समाजमाध्यमांवर संदेश फिरू लागले: अमुक शहरात तान्ह्या मुली पोरक्या झाल्या आहेत, दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी या क्रमांकावर बोलावे. असे संदेश पुढे पाठविणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या मनात करुणाच होती, पण त्या करुणेच्या आडून मुलांचा व्यापार होऊ शकतो याची त्यांना कल्पना नव्हती. २०१५च्या बालन्याय कायद्याप्रमाणे निराधार आढळलेले मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती आप्तांचा शोध घेते, आणि शोध निष्फळ ठरल्यावरच ते मूल दत्तकासाठी मुक्त घोषित होते. ही पायरी ओलांडून मूल देणे-घेणे हा गुन्हा आहे, आणि अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणे हाही गुन्हाच. ही प्रक्रिया संथ वाटते, पण मुलाची आजी जिवंत आहे की नाही, हे त्या संथपणामुळेच कळते. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बेकायदा दत्तकांवर कठोर कारवाईचा आदेश दिला.

महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली मुलांसाठी कृतिदले स्थापन झाली ती मे २०२१ मध्ये, म्हणजे पहिल्या रुग्णानंतर चौदा महिन्यांनी. त्यानंतर मात्र राज्याने औदार्य दाखविले: दोन्ही पालक गमावलेल्या मुलाच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव, आणि बालसंगोपन योजनेखाली मासिक अनुदान. केंद्राने २९ मे २०२१ रोजी जाहीर केलेल्या योजनेत तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळावयाचे आहेत; तिचा लाभ सुमारे साडेचार हजार मुलांना मिळाला. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास कळविले की एप्रिल २०२० पासून कोविडने वा अन्य कारणाने १,४७,४९२ मुलांनी आई, बाप किंवा दोन्ही गमावले. त्यांत दोन्ही गमावलेली १०,०९४, टाकून दिलेली ४८८, आणि एकच पालक उरलेली १,३६,९१०. महाराष्ट्रातील मुले १९,६२३. म्हणजे प्रचंड बहुसंख्येची आई (क्वचित बाप) जिवंत होती, आणि मोठ्या रकमेच्या योजना त्यांच्यासाठी नव्हत्या. शिवाय ज्याचा बाप तपासणीच्या अहवालाविना घरीच गेला, त्याच्या हातातील मृत्यूच्या दाखल्यावर रोगाचे नाव नव्हते, आणि मुलाचे पोरकेपण त्या एका शब्दावाचून अपुरे ठरत होते. हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने या विधवांचा प्रश्न गावोगाव लावून धरला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने ‘मिशन वात्सल्य’ काढून तालुकापातळीवर तहसीलदारांच्या समित्या नेमल्या. घरातला कमावता गेला की मुलगा कामाला आणि मुलगी बोहल्यावर, हा आपल्याकडील जुना दुर्दैवी शिरस्ता. बालविवाहबंदीच्या कायद्याखाली देशात २०१९ मध्ये ५२३ आणि २०२० मध्ये ७८५ गुन्हे नोंदले गेले. नोंदीपर्यंत न पोचलेले विवाह यांहून किती अधिक असतील!

येथे मला एक गोष्ट राहून राहून वाटते. महाराष्ट्राच्या खेड्यात बालविवाह रोखण्याचा अधिकार ज्या ग्रामसेवकाकडे आहे, तोच साथीतही गावाचा बंदोबस्त पाहत होता. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा अंगणवाडी सेविका आणि आशाताई तापमापक व प्राणवायू मोजण्याचे यंत्र घेऊन घरोघर फिरल्या. ताप, प्राणवायू आणि जुने आजार यांची नोंद हा त्या भेटीचा हेतू होता. गावातले प्रत्येक मूल जिला नावाने ठाऊक आहे अशी स्त्री, अधिकृत कागद हाती घेऊन, प्रत्येक उंबरठ्यावर उभी होती. या घरात मुले किती, ती सध्या कोठे आहेत, जेवतात काय, कोणाचे लग्न ठरते आहे काय, एवढे चार प्रश्न तिच्या कागदावर छापण्यास आणि उत्तरे जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे पोचविण्यास शासनास फारसा खर्च आला नसता. पुढच्या साथीच्या पहिल्याच परिपत्रकात हे चार प्रश्न असावेत, आणि त्या कामाचे मानधन त्या स्त्रीला निराळे मिळावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

बालसंगोपनाचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपयांपर्यंत वाढले, ही समाधानाची गोष्ट. २०२० साली जन्मलेल्या पोरक्या मुलाला केंद्राची दहा लाखांची रक्कम २०४३ मध्ये मिळेल. तोवरची वर्षे त्याने आजीजवळ वा काकाजवळ काढावयाची आहेत, आणि ते शाळेत जाते काय, त्याच्या नावावरची जमीन व ठेव त्याचीच राहिली आहे काय, हे पाहण्याचे काम जिल्हा बालसंरक्षण कक्षाचे. त्या कक्षातील बरेच कर्मचारी आजही कंत्राटी आहेत. कंत्राट संपले की मुलाला ओळखणारा माणूस बदलतो, आणि नवा माणूस फाईल उघडून पहिल्यापासून वाचू लागतो. या जागा प्रथम कायम व्हाव्यात.