वारा अडला की इंजिन तापलं

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दुपारी मूलमार्गे गडचिरोलीला निघालेल्या एअर-कूल्ड बुलेटला समोरच्या वाऱ्याचाच आधार. तो वाराही तापलेलाच; पण सिलिंडरच्या फिन्स १०० अंशांच्या पुढे असतात, म्हणून तोही उष्णता ओढून नेतो. पंचाईत होते ती गाडी थांबल्यावर. रेल्वे फाटकावर इंजिन बंदच करावं. रेडिएटरवाल्या गाडीला पंखा असतो खरा, पण जाळीत चिखल नि किडे बसले की तो नुसताच घरघरतो. धुताना पाण्याची धार हलकी ठेवावी. जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे वाकतात. क्रॅश गार्डला पुढून बॅगा बांधून वारा अडवायची हौस तर सोडाच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नये, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.