युरियाची तारीख

मैत्रिणींनो, हुतात्मा बाबू गेनूंचं गाव म्हणून महाळुंगे पडवळ तुम्हाला ठाऊक असेल. तिथली मी सून. घरात दरसाल उन्हाळी कांदा. खत टाकणं पुरुषांचं काम, असं आपण म्हणतो. पण त्या वर्षी चूक माझीच.

लागवडीला अडीच महिने झालेले. पात पिवळसर दिसली म्हणून मीच ह्यांच्या मागे लागले, "अहो, एक गोणी युरिया फेका की!" पात तरारली, शेजारणी कौतुक करून गेल्या. काढला तर कांद्याच्या माना अंगठ्याएवढ्या जाड. तसाच बराखीत भरला. आषाढात वास सुटला. निम्मा कांदा उकिरड्यावर, अन् लेकीच्या फीसाठी माझी पाटली सोनाराकडे.

राजगुरुनगरला कांदा-लसणाचं संशोधन केंद्र आहे. तिथली शिफारस मला नंतर समजली. स्फुरद-पालाश लागवडीलाच. नत्र मात्र विभागून: थोडं लागवडीला, उरलेलं ३० आणि ४५ दिवसांनी. ६० दिवसांनंतर बिलकूल नको. तेव्हा कांदा पोसतो, पातीतलं अन्न खाली उतरतं. पात पिवळी पडणारच! युरिया मिळाला की ती पुन्हा वाढत राहते, मान मिटत नाही, आणि सड तिथूनच आत शिरते.

आता लागवडीची तारीख मी कॅलेंडरवर लिहिते, पुढे युरियाच्या दोन फुल्या. (डेअरीच्या दुधाचा हिशोबही तिथंच!) मागच्या फाल्गुनात आत्याबाई म्हणाल्या, "पात पिवळी पडली गं." म्हटलं, "पडू द्या." निम्म्या माना आपोआप पडल्यावरच काढणी केली.

पाटली अजून सोडवायची आहे. आषाढात मात्र मी रोज बराखीपाशी जाऊन वास घ्यायचे.