वीस हजारांतून उरलेले वीस

मोबाइलच्या हेडफोनच्या भोकातून जेमतेम अर्धा व्होल्ट बाहेर पडतो. ८ ओहमच्या स्पीकरला १० वॅट द्यायचे तर ९ व्होल्ट लागतात, आणि लाटेच्या माथ्यावर दीड अँपिअरहून जास्त प्रवाह. म्हणजे ॲम्प्लिफायरने व्होल्टेज अठरा-वीस पट वाढवायचं. पण स्पीकरचा पडदा हलतो तो त्या अर्ध्या व्होल्टच्या जिवावर नाही, तर भिंतीतल्या सॉकेटमधून आलेल्या विजेवर. मूळ सिग्नल फक्त ती केव्हा, किती सोडायची ते ठरवतो. धरणाचं दार उचलणाऱ्या हातासारखा. आपण ऐकतो ती गाण्याची ताजी नक्कल असते. ती हुबेहूब कशी उतरते, हेच खरं नवल.

नक्कल करतात दोन ट्रान्झिस्टर. एक लाटेचा वरचा अर्धा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. अडचण अशी की सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर जागाच होत नाही. त्यामुळे लाट शून्य ओलांडते तेव्हा क्षणभर दोघेही झोपलेले! ढोल-ताशाच्या दणक्यात हे कुणाच्या लक्षात येणार नाही, पण तंबोऱ्याचा विरत जाणारा स्वर नेमका तिथेच खरखरीत होतो. म्हणून दोघांतून थोडा प्रवाह कायम वाहता ठेवतात. त्यातही मेख आहे. ट्रान्झिस्टर तापला की जास्त प्रवाह सोडतो, आणि जास्त प्रवाहाने आणखी तापतो. हे चक्र आवरायला, तो प्रवाह ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर या दोघांच्या हीट सिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, स्क्रूने आवळतात. मोठे तापले की तोही तापतो आणि त्यांचा प्रवाह कमी करतो.

तरीही नक्कल थोडी बिघडतेच. त्यावरचा उपाय हॅरॉल्ड ब्लॅक या बेल लॅब्जमधल्या इंजिनिअरला २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचला. कामावर जाताना हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्याने आकृती काढली. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारेवर एकामागून एक ॲम्प्लिफायर असत आणि प्रत्येकाची विकृती पुढच्यात साचत जाई. ब्लॅकचं म्हणणं असं: बाहेर पडलेल्या सिग्नलचा एक अंश मागे आणून आत येणाऱ्या सिग्नलमधून वजा करा. यात वाढ कमी होते. समजा, सर्किट मुळात वीस हजार पट वाढवतं आणि आपण वीस पटींवर समाधान मानलं, तर विकृतीही साधारण हजार पटींनी घटते. कष्टाने मिळवलेली वाढ अशी उधळून टाकायची, ही कल्पना तेव्हा अनेकांना वेडगळ वाटली. अमेरिकी पेटंट मिळायला १९३७ उजाडलं.

मागे आणलेला सिग्नल वाटेत रेंगाळला तर वजा होण्याऐवजी मिळवला जातो, आणि ॲम्प्लिफायर स्वतःच कंप पावू लागतो. हे केव्हा घडेल याचा निकष हॅरी नायक्विस्ट या इंजिनिअरने १९३२ मध्ये मांडला. कंपनं लाखभर हर्ट्झची असली तर कानाला काहीच कळत नाही. स्पीकर गप्प, हीट सिंक मात्र चटका देणारी. म्हणून चाचणी आधी कानांनी करायची नाही. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाडजूड रेझिस्टर, आत १००० हर्ट्झची साइन वेव्ह आणि समोर ऑसिलोस्कोप. आवाज वाढवत नेला की एका टप्प्यावर लाटेचे माथे सपाट कापले जातात. तिथे सप्लायचं व्होल्टेज संपलं. शून्यापाशी पायरी दिसली तर ट्रान्झिस्टर अजून झोपतायत. रेषाच जाड, केसाळ दिसली तर नायक्विस्टची आठवण काढायची.

स्टीरिओत हे सगळं दोनदा. शिवाय डाव्याचं उजव्याला ऐकू जाता कामा नये. यात गुन्हेगार बहुतेकदा साधी ग्राउंडची तार असते. तिचा रोध ०.०५ ओहम असला आणि स्पीकरकडून परतणारा १ अँपिअर तिच्यातून गेला, तर ५० मिलिव्होल्ट पडतात. इनपुटचं ग्राउंडही त्याच तारेवर असेल, तर मूळ सिग्नलच्या दहाव्या हिश्शाएवढी भेसळ तिथेच झाली. म्हणून प्रत्येक ग्राउंड वेगळ्या तारेने एकाच बिंदूवर आणतात. मग डावीकडे सिग्नल द्यायचा, उजवं इनपुट ग्राउंडला जोडायचं आणि उजव्या आउटपुटवर काय उमटतं ते मोजायचं. हजाराव्या भागाहून कमी असेल तर उत्तम.

स्पीकर जोडायचे ते यानंतर. दोन्ही बाजूंना एकच सिग्नल दिला की गायक बरोबर मध्ये, रिकाम्या जागेत उभा राहायला हवा. तो मध्ये सापडत नसेल आणि तबल्याचा डग्गाही गायब असेल, तर सर्किट उघडू नका. एका स्पीकरच्या दोन तारा उलट लागल्या आहेत.