तीन पायांच्या वृद्ध कुत्र्याची निगा

अपघातात एक पाय गमावलेला राखणीचा कुत्रा उरलेल्या तीन पायांवर अनेक वर्षे चांगला वावरू शकतो. मात्र उतारवयात जादा भारामुळे त्या पायांचे सांधे दुखू लागतात. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढील पायांवर असतो. म्हणून पुढचा पाय नसलेल्या कुत्र्यास विशेष जपावे.

अशा कुत्र्यास लठ्ठ होऊ देऊ नये. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, इतपतच आहार द्यावा. एकदाच लांब फिरविण्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे चालवावे. गुळगुळीत फरशीवर तो घसरतो. तेथे गोणपाट सरकणार नाही असे अंथरावे व नखे वेळच्या वेळी कापावीत. निजण्याची जागा कोरडी व मऊ असावी आणि तेथे जाण्यास पायरी चढावी लागू नये. संकटात त्यास वेगाने पळता येत नाही. यास्तव वाहने व बिबट्या यांपासून बचावासाठी रात्री त्यास बंदिस्त जागेत ठेवावे.

उठताना कण्हणे, लंगडणे ही दुखण्याची लक्षणे होत. अशा वेळी माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मुळीच देऊ नयेत. त्यांपासून विषबाधा होऊ शकते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरोघरी समजावून सांगावी व पशुवैद्याचा सल्ला घेण्यास सुचवावे. उमेदीत ज्याने गोठा राखला, त्याची अखेरपर्यंत निगा राखणे हे धन्याचे कर्तव्यच होय.