अंकांतील स्वल्पविराम आणि गणकयंत्र

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यापासून वेगळा झाला. या जिल्ह्याच्या सीमेंत आलेल्या प्रदेशाची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें २९,९०,११६ होती. हाच आंकडा एखाद्या इंग्रजी पुस्तकांत २,९९०,११६ असा छापलेला आढळेल. दोन्ही ठिकाणीं अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. बदललें आहे तें केवळ स्वल्पविरामाचें स्थान. माणसाचा डोळा हा भेद सहज उमजून घेतो. गणकयंत्राला, म्हणजे ज्यास आतां घरोघर कॉम्प्युटर म्हणतात त्याला, तो आपोआप कळत नाहीं. तो त्यास शिकवावा लागतो.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, स्वल्पविराम हा संख्येचा अवयव नव्हे. तो वाचकाच्या सोयीसाठीं केलेला थांबा आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतींत एक, दश, शत, सहस्र अशीं दहापटींच्या प्रत्येक स्थानाला नांवें दिलीं आहेत. नित्याच्या बोलण्यांत त्यांतील हजार, लाख व कोटि एवढींच मुख्य राहिलीं, आणि हजारानंतर दर दोन स्थानांनीं नवें नांव येऊं लागलें. ‘एकोणतीस लाख, नव्वद हजार, एकशें सोळा’ असें उच्चारतांना जिभेचा जेथें विसावा, तेथेंच लेखणीचा स्वल्पविराम. इंग्रजींत थाउजंड, मिलियन, बिलियन हीं नांवें दर तीन स्थानांनीं येतात. म्हणून तेथें तीन-तीनांचे गट.

आतां यंत्र संख्या कशी वाचतें तें पाहूं. त्याच्यापुढें प्रथम येतात तीं केवळ अक्षरें. २ हें अक्षर दिसलें कीं तें २ धरतें. पुढें ९ आला कीं आधींच्या २ ची दहापट करून त्यांत ९ मिळवितें, म्हणजे २९. हा क्रम शेवटच्या अंकापर्यंत चालतो. परंतु तिसऱ्या जागीं स्वल्पविराम उभा असेल तर काय करावें? सी भाषेंतील ‘एटॉय’ नांवाचें जुनें साधन तेथेंच थांबतें आणि निमूटपणें २९ हें उत्तर देतें. एका जिल्ह्याची वस्ती अशा रीतीनें एका बैठकींत मावेल एवढी होते, आणि तक्रारीचा शब्दही निघत नाहीं. पायथन ही भाषा त्या मानानें प्रामाणिक. ती अशी संख्या नाकारून चूक स्पष्ट सांगते. जेथें मजकुराचे रकाने स्वल्पविरामानेंच पाडलेले असतात, तेथें हीच संख्या अवतरणचिन्हांत न घातल्यास २९, ९० व ११६ अशा तीन रकान्यांत विखुरते.

यावर सर्व स्वल्पविराम पुसून टाकण्याचा उपाय सहज सुचतो. पण तो अपुरा आहे. समजा, लेखनिकाच्या हातून एक अंक गळाला आणि २९,९०,१६ असें लिहिलें गेलें. स्वल्पविराम पुसले कीं २,९९,०१६ ही संख्या होते. जिल्ह्यांतील जवळजवळ सत्तावीस लाख माणसें नाहींशीं होतात. म्हणून पुसण्यापूर्वीं गट तपासावे: शेवटचा गट नेमका तीन अंकांचा, मधले दोन-दोनांचे, पहिला एक किंवा दोन अंकांचा. ही तपासणी केली असती तर ‘१६’ हा अपुरा गट तत्क्षणीं सांपडला असता. जो थांबा केवळ सोयीचा वाटतो, तोच येथें राखणदाराचें काम करतो.

परदेशीं कागदांत दुसरा धोका असतो. बोइसर-तारापूरच्या एखाद्या कारखान्यांत जर्मनीहून आलेल्या यादींत २.५०० किलोग्रॅम असें लिहिलें असेल, तर जर्मन रीतीनें तें अडीच हजार. आपल्या रीतीनें केवळ अडीच. तेथें स्वल्पविराम दशांशाचें काम करतो व टिंब गट पाडण्याचें. हा घोळ टळावा म्हणून वजनेंमापें यांच्या नवव्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें १९४८ सालीं असें ठरविलें कीं, मोठ्या संख्येचे तीन-तीनांचे गट करावयाचे तर मध्यें मोकळी जागा सोडावी. टिंब वा स्वल्पविराम घालूं नये.

आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही लांबलचक संख्या वाचणें अवघड जातेंच. स्वल्पविराम त्या भाषांत इतर कामीं गुंतलेला असल्यानें त्याच्या जागीं दुसरें चिन्ह आलें. पायथनमध्यें २०१६ पासून दोन अंकांमध्यें अधोरेषा घालतां येते. ती कोठें घालावी याचें बंधन नसल्यानें लाख-कोटीची रीतही चालते. सी++ मध्यें तेंच काम वरचा एकेरी स्वल्पविराम करतो.

राहिली छपाई. तारापूर अणुविद्युत् केंद्रांत १६० मेगावॉटचे दोन व ५४० मेगावॉटचे दोन असे चार संच. स्थापित क्षमता एकूण १४०० मेगावॉट, म्हणजे १४,००,००० किलोवॉट. उजवीकडून प्रथम तीन, मग दोन-दोन अंक तोडले कीं काम झालें. परंतु प्रत्येक गट स्वतंत्र संख्या मानून छापला तर १४,०,० असें विद्रूप रूप उमटतें. यास्तव गटांतील शून्यें अक्षरांप्रमाणें जपावीं लागतात. पायथनचें तयार साधन स्वल्पविराम मागितल्यास तीन-तीनांचेच गट पाडतें. भारतीय रीत हवी तर देशरीतीची माहिती त्यास वेगळी पुरवावी लागते. जावास्क्रिप्टला मराठीची खूण दिली तर ती लाखाचे गट पाडून अंकही देवनागरी छापते.

व्यवहाराचा नियम यावरून सरळ निघतो. यंत्राच्या पोटांत संख्या निर्भेळ ठेवावी. आंत घेतांना ती कोणत्या देशाच्या रीतीची हें विचारावें, गट तपासावे, आणि बाहेर देतांनाच वाचणाराच्या रीतीनें विराम घालावे. पोषाख दारापाशीं बदलावा. माणूस तोच राहिला पाहिजे.