जाणाऱ्याची नोंद

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर मध्यरात्रीच्या आसपास इमिग्रेशनच्या रांगा लांबत जातात. रांगेत उभं राहून करण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून मी काउंटरमागच्या अधिकाऱ्याचे हात बघत राहते. फोटोचं पान उघडून तळाच्या दोन ओळी तो यंत्रावर टेकवतो आणि पडद्याकडे बघतो. मग पानं उलटत जायच्या देशाचा व्हिसा शोधतो. बोर्डिंग पासवरचं नाव, समोरचा चेहरा, कॅमेरा. एखादा प्रश्न. शिक्का.

"आजी, कुणाकडे चाललात?" माझ्या पुढच्या बाईंना त्यानं मराठीत विचारलं.

"अमेरिकेला, लेकीकडे. बाळंतपण आहे."

"किती दिवस?"

त्यांनी परतीच्या तिकिटाचा कागद पुढे केला. त्यानं तो नुसता पाहिल्यासारखा केला आणि शिक्का मारून पासपोर्ट परत दिला. त्या तिथे किती दिवस राहतात, याची चिंता अमेरिकेनं करायची होती.

परदेशी प्रवाशाचं काम मात्र वेगळं चालतं. तिथे अधिकारी आधी आल्याची तारीख शोधतो, मग व्हिसाची मुदत, आणि दोन्हींमधले दिवस मोजतो. दिवस जुळले तर शिक्का. मुदत उलटून गेली असेल तर बाहेर पडायची परवानगी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून, म्हणजे एफआरआरओकडून, आधीच घ्यावी लागते. ती नसेल तर सामान परत घेऊन, विमान सोडून मागे फिरायची वेळ येऊ शकते. मला ही पद्धत कधीच पटलेली नाही. जादा राहिला हा ज्याचा दोष, तो स्वतःहून निघालेला असताना त्याला आणखी राहायला लावून काय साधतं?

पण म्हणून जाणाऱ्याची नोंदच नको, असंही मला वाटत नाही. नोंद नसली की काय होतं ते अमेरिकेत कळतं.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा न्यूअर्कहून परत निघाल्या तेव्हा सुरक्षा तपासणी उरकून आम्ही थेट दुकानांपाशी पोचलो. त्या थबकल्या. "अगं, शिक्का राहिला ना? आपण गेलो हे यांना कळणार कसं?" प्रश्न अगदी रास्त होता. अमेरिकेत निघताना पासपोर्टचं सरकारी काउंटर नसतं. तिथले विमानतळ बांधलेच तसे आहेत. देशातल्या देशात जाणारे आणि परदेशी जाणारे एकाच दालनात मिसळतात, त्यामुळे अधिकाऱ्याला बसवायला वेगळी वाटच उरत नाही. गेल्याची नोंद होते ती विमान कंपनीनं पाठवलेल्या प्रवाशांच्या यादीवरून. ती यादी आय-९४ नावाच्या प्रवेशनोंदीशी जुळवली जाते.

आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांचा गोंधळ इथेच होतो. पासपोर्टात दहा वर्षांचा व्हिसा असतो, पण मुक्कामाची मुदत ठरते ती आय-९४वरच्या तारखेनं, आणि ती बहुधा सहा महिन्यांची असते. नातवंडाचं बारसं, मग लेकीचं कामावर रुजू होणं, मग थंडी संपू दे असं करत ती तारीख उलटली, तर एका दिवसानंही तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो.

जाणाऱ्या परदेशी माणसाची पक्की नोंद ठेवा, असं अमेरिकी संसदेनं १९९६च्या कायद्यानं सांगितलं. विमानात चढताना दाराशी कॅमेरा दिसू लागला तो पुष्कळ उशिरा, आणि सगळ्याच परदेशी प्रवाशांचा फोटो घेण्याचा नियम लागू झाला २६ डिसेंबर २०२५ला. त्याआधी चौदा वर्षांखालची मुलं आणि ७९ वर्षांवरचे वृद्ध त्यातून वगळलेले होते. जमिनीवरच्या सीमेवर उत्तर शोधलं गेलं ते मला फार आवडतं. नायगारा बघायला कॅनडाच्या बाजूला गेलेल्या तिसऱ्या देशाच्या माणसाची कॅनडातली प्रवेशनोंद अमेरिकेला कळवली जाते आणि तीच त्याची अमेरिका सोडल्याची नोंद ठरते. २०१३पासून हे चालू आहे. नवं काउंटर नाही, नवी रांग नाही. मेक्सिकोच्या सीमेवर मात्र असं काही उभं राहिलेलं नाही.

याच १९९६च्या कायद्यात आणखी एक कलम आहे. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला तर तीन वर्षं आणि एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाला तर दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही. ही बंदी लागू होते माणूस देश सोडतो तेव्हा. मागे बायकामुलं असलेला माणूस मग निघतच नाही. एका हातानं जाणाऱ्यांची मोजदाद मागायची आणि दुसऱ्या हातानं जाण्यालाच शिक्षा जोडायची, हे एकाच कायद्यानं केलं.

नोंदीच्या बाजूनं सर्वांत मोठी साक्ष ब्रिटनची आहे. तिथे बाहेर जाणाऱ्यांची पासपोर्ट तपासणी १९९४पासून कमी होत १९९८मध्ये बंद झाली. त्यानंतर कोण परत गेलं याचा अंदाज बांधला जायचा तो बंदरांवर आणि विमानतळांवर काही प्रवाशांना थांबवून विचारलेल्या प्रश्नांवरून. त्या अंदाजातून असं चित्र उभं राहिलं की वर्षाला सुमारे एक लाख परदेशी विद्यार्थी शिक्षण संपल्यावर परत जातच नाहीत. संसदेत, वर्तमानपत्रांत हा आकडा फिरत राहिला. याच काळात, २०१२मध्ये, शिक्षणानंतर दोन वर्षं तिथे काम करू देणारा व्हिसा बंद झाला. एप्रिल २०१५मध्ये तपासणी पुन्हा सुरू झाली, तीही बहुतांशी विमान, जहाज आणि रेल्वे कंपन्यांनी गोळा केलेल्या माहितीवर. ऑगस्ट २०१७मध्ये तिचे आकडे आले तेव्हा दिसलं की मुदत संपणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ९७ टक्क्यांहून अधिक जण वेळेत निघून गेले होते. ज्यांच्यावर लाखाचा आळ होता ती मुलं प्रामाणिकपणे घरी परतली होती, फक्त दारात त्यांचं नाव लिहून घ्यायला कुणी नव्हतं. कामाचा तो व्हिसा २०२१मध्ये नव्या नावानं परत आला. मधल्या नऊ वर्षांत पुण्या-मुंबईच्या ज्या मुलांनी कर्ज काढून तिथे पदव्या घेतल्या, त्यांना कर्ज फेडायला ती दोन वर्षं मिळाली नाहीत.

आखातात नेमकी उलटी बाजू दिसते. रत्नागिरी-रायगडच्या गावांत विचारा, व्हिसा संपूनही तिथेच अडकलेला एखादा नातेवाईक निघतोच. 'खल्लीवल्ली' म्हणतात अशांना. संयुक्त अरब अमिरातीत जादा मुक्कामाचा दंड दिवसाला पन्नास दिरहम. वर्षाचे झाले १८,२५० दिरहम, म्हणजे चार लाखांहून जास्त रुपये. मालकानं पगार थकवलेला, कागद संपलेले, आणि निघायचं तर आधी हे पैसे भरा. घरी मयत झालं तरी माणूस येऊ शकत नाही. अधूनमधून सरकारला माफीची मुदत जाहीर करावी लागते. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात दंड आणि पुनर्प्रवेशाची बंदी दोन्ही माफ करून लोकांना जाऊ दिलं. दंड रोज वाढत ठेवला नसता, तर यातले कितीतरी जण आधीच घरी पोचले असते.

आणि काउंटर एकदा उभं राहिलं की त्यावर बाकीची कामंही येऊन बसतात. मुंबईत तो अधिकारी पडद्याकडे बघतो तेव्हा त्या नावावर लुकआउट परिपत्रक, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवण्याची सूचना, आहे का, हेही बघत असतो. फरार आरोपीला अडवायलाच हवं. पण २०१५मध्ये ग्रीनपीसच्या प्रिया पिल्लई यांना ब्रिटिश खासदारांपुढे बोलायला जाताना दिल्लीत याच परिपत्रकावर रोखलं गेलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. कर्ज थकलं म्हणून सरकारी बँकांच्या प्रमुखांना अशी परिपत्रकं काढायला लावण्याचा जो अधिकार दिला होता, तो मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४मध्ये घटनाबाह्य ठरवला. परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, हे मेनका गांधी खटल्यात १९७८मध्येच ठरलेलं होतं.

युरोपनं १२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली आहे. युरोपातल्या शेंगेन देशांत १८० दिवसांत जे ९० दिवस राहता येतं, ते आता यंत्र मोजेल. ही नोंद तीन वर्षं राहते. बाहेर पडल्याची नोंद सापडली नाही तर पाच वर्षं. म्हणजे यंत्राची चूक झाली तरी निस्तरायची प्रवाशानं. आजवर त्याच्याकडे शिक्का होता, तो दाखवून भांडता येत होतं. अमेरिका निदान आपली येण्याजाण्याची नोंद संकेतस्थळावर बघू देते. सासूबाईंची आम्ही घरी येताच पाहिली, आणि बोर्डिंग पासही जपून ठेवला. जे जे सरकार शिक्का बंद करेल, त्यानं विमान सुटण्याआधी प्रवाशाच्या फोनवर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेली पावती पाठवली पाहिजे. मुदत उलटलेल्याला काउंटरवरच दंडाची एक ठरावीक रक्कम भरू द्यावी, पैसे नसतील तर तशी नोंद करावी, आणि त्याच विमानानं जाऊ द्यावं.