पाठीच्या कण्यांतील गळूं

पाठींत उसण भरली म्हणजे घरोघर काय होतें तें ठरलेलें आहे. कोणी तेल चोळतें, कोणी विटेचा शेक देतें, आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस उठून कामाला लागतो. बहुतेकांचें असेंच होतें. म्हणूनच ज्या थोड्यांच्या कण्यांत पू धरलेला असतो त्यांच्याकडेहि त्याच नजरेनें पाहिलें जातें, आणि येथेंच घात होतो.

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जु कण्याच्या पोकळींतून खालीं उतरतो. त्याच्या भोंवतीं तीन आवरणें असून सर्वांत बाहेरच्या जाड आवरणास ड्यूरा म्हणतात. ड्यूरा आणि मणक्यांचें हाड यांच्यामध्यें चरबी व बारीक शिरांचें जाळें असलेली एक अरुंद जागा असते. तेथें पू सांचला म्हणजे त्यास एपिड्यूरल अ‍ॅबसेस असें नांव आहे. जंतु बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीचे, म्हणजे कातडीवरच्या साध्या गळवांत सांपडतात तेच. ते रक्तावाटे येथवर पोंचतात, किंवा कण्यांत टोंचलेल्या सुईबरोबर येतात. मधुमेह्यांस भय अधिक. भारतांत कण्याच्या क्षयाचा पूहि याच जागीं सांचतो, परंतु त्याची चाल संथ असते. चोहोंकडे हाडाची भिंत असल्यामुळें या पुवाला पसरावयास वाव नसतो. मग मज्जारज्जु दाबला जातो व त्याचा रक्तपुरवठाहि कोंडतो.

ह्यूस्नर यांनीं १९४८ सालीं या रोगाच्या चार पायऱ्या सांगितल्या, व त्या अद्यापि शिकविल्या जातात: प्रथम एकाच जागीं दुखणें, नंतर नसेच्या वाटेनें जाणारी चमक, मग पायांतील अशक्तपणा, बधिरपणा व मलमूत्रावरील ताबा सुटणें, आणि शेवटीं लुळेपणा. पहिल्या पायऱ्यांवर रोगी कित्येक दिवस राहूं शकतो. शेवटच्या पायरीवर मात्र तो कधीं कधीं कांहीं तासांतच जातो. ताप, पाठदुखी व पायांची दुर्बलता ही त्रयी पुस्तकांत प्रसिद्ध आहे, पण ती एकत्र थोड्यांतच दिसते. डारूश यांच्या २००६ च्या आढाव्याप्रमाणें पाठदुखी सुमारें तीनचतुर्थांश रोग्यांत, ताप निम्म्यांत, आणि मज्जातंतूंचा दोष एकतृतीयांशांत आढळतो. तेव्हां थर्मामीटरनें ताप दाखविला नाहीं म्हणून निश्चिंत होणें चुकीचें आहे.

तपासणीचा आरंभ बोटानें होतो. रोग्यास कुशीवर निजवून डॉक्टर एकेका मणक्यावर हलकेच ठोकीत खालीं येतात. उसणींत दुखरी जागा बहुधा कण्याच्या बाजूच्या स्नायूंत असते; येथें मात्र एखाद्या मणक्यावर बोट पडतांच रोगी दचकतो. ही खूण महत्त्वाची खरी, पण ती नसली म्हणजे पू नाहीं असें ठरत नाहीं. त्याच वेळीं अंगावर गळूं, चिघळलेली जखम किंवा सुईची सुजलेली जागा आहे काय हेंहि पाहावें लागतें.

मग कापूस व टांचणी घेऊन पायापासून वरपर्यंत स्पर्श तपासतात. जेथें बधिरपणा संपून जाणीव सुरू होते ती रेषा मोलाची होय. ती बेंबीशीं असेल तर दाब मज्जारज्जूच्या दहाव्या वक्षीय खंडाजवळ, स्तनाग्रांशीं असेल तर चौथ्याजवळ, किंवा त्याहून कांहीसा वर असूं शकतो. तळपायाच्या कडेनें बोथट वस्तु ओढली असतां अंगठा वर उचलला जाणें, ही पॅरिस येथील बाबिन्स्की यांनीं १८९६ सालीं दाखविलेली खूण मज्जारज्जूवरील दाब सुचविते. मात्र कमरेच्या वरच्या मणक्यांशींच मज्जारज्जु संपतो व खालीं केवळ नसांचा जुडगा उरतो. पू तेथें असला तर ही खूण मिळत नाहीं. उलट पाय ढिले पडतात आणि गुडघ्याचा किंवा घोट्याचा झटका नाहींसा होतो. दाब एकाएकीं पडला तर वरच्या भागांतहि आरंभीं असेंच दिसतें.

सर्वांत अधिक चुकते ती मूत्राशयाची तपासणी. रोगी लाजेनें बोलत नाहीं. कपडे ओले होतात म्हणजे लघवी होते आहे असें घरच्यांस वाटतें. वस्तुतः तुंबलेलें मूत्राशय केवळ ओसंडत असतें. ओटीपोटावर हात ठेविला तर तें भरलेलें लागतें. बैठकीच्या जागेचा स्पर्श व गुदद्वाराची आंवळ पाहणें हें तर डॉक्टरहि संकोचानें टाळतात. हा संकोच फार महाग पडतो.

एकदां सर्व ठीक आढळलें तरी संशय असेल तर तीच तपासणी कांहीं तासांनीं पुन्हां करून लिहून ठेवावी लागते. सकाळीं पाय उचलणारा मनुष्य सायंकाळीं उचलूं शकला नाहीं, हा फरक टांचणानेंच उघड होतो. पण संशय बळकट असेल तर पाय दुर्बळ होण्याची वाट न पाहतां एम. आर. आय. करून घेतात, आणि तोहि संबंध कण्याचा, कारण पू कधीं कधीं दोन ठिकाणीं असतो. कमरेंत सुई घालून पाणी काढणें टाळतात. पुवांतून गेलेली सुई जंतूंना आंतल्या आवरणांत नेऊं शकते. पुढें शस्त्रक्रियेनें दाब काढून कित्येक आठवडे जंतुनाशक औषधें दिलीं जातात. शस्त्रक्रियेच्या वेळीं जो रोगी चालत होता तो बहुधा पुढेंहि चालतो. ज्याचे पाय चोवीस ते छत्तीस तासांहून अधिक काळ पूर्ण लुळे राहिले, त्याच्या पायांत बळ परत येण्याची आशा फार थोडी असते.